किनारी पाण्यासाठी ईडीएनए संच आणि विश्लेषण सेवा: दोन हंगामांच्या वापरानंतर

एका खाडीच्या मुखापासून लगतच्या खडकाळ किनाऱ्यापर्यंत सहा ठिकाणी माशांची नोंद ठेवण्याचे काम आमच्या छोट्या गटाने हाती घेतले, तेव्हा आमच्याजवळ दोनच साधने होती: जाळे, आणि पाण्याखाली उतरून डोळ्यांनी केलेली मोजणी. जाळ्यात जे अडकते तेवढेच हाती लागते आणि गढूळ पाण्यात हातभर अंतरापलीकडचे काही दिसत नाही. म्हणून गेले दोन हंगाम आम्ही या नोंदींना पर्यावरणीय डीएनएची, म्हणजे ईडीएनएची, जोड दिली. नमुना-संच पुरवण्यापासून अंतिम अहवालापर्यंत सगळे करून देणारी एक सेवा त्यासाठी घेतली. सेवेचे नाव मी देत नाही, कारण ज्या बाबींवर मी बोट ठेवणार आहे त्या अशी कोणतीही सेवा घेताना तपासून पाहाव्या लागतील.

यामागचे तत्त्व सांगायला सोपे आहे. मासा पाण्यातून जातो तेव्हा अंगावरचा बुळबुळीत स्राव, त्वचेच्या पेशी, विष्ठा, अंडी आणि शुक्राणू यांच्या रूपाने तो आपला डीएनए पाण्यात सोडत असतो. ते पाणी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळले, फिल्टरवर अडकलेला डीएनए वेगळा काढला, त्यातला ओळख पटवणारा छोटा तुकडा पीसीआरने, म्हणजे एकाच तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने, वाढवला आणि त्याचा क्रम, म्हणजे डीएनएच्या रासायनिक अक्षरांची मांडणी, वाचून ज्ञात क्रमांशी ताडून पाहिला, की मासा न पकडता त्याचे नाव कळू शकते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील अभ्यासात अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या नमुन्यांतून १५ जातींचे मासे ओळखले गेले होते, आणि समुद्राच्या पाण्यात हा डीएनए काही दिवसांतच ओळखण्यापलीकडे विघटित होतो हेही त्याच अभ्यासात दिसले होते. हे विघटन आमच्या कामाला पोषकच आहे, कारण त्यामुळे हाती येणारी यादी बहुतांशी अलीकडच्या दिवसांतल्या वावराची असते.

आता संचाविषयी. प्रत्येक नमुन्यासाठी बंद नळकांड्यातला एक फिल्टर, ६० मिलीलिटरची सिरिंज, हातमोजे, परिरक्षक द्रवाची छोटी कुपी आणि बारकोडची चिकटपट्टी मिळते. फिल्टर उघडा नसून नळकांड्यात बंद असतो, ही या संचाची सर्वांत चांगली बाजू आहे. गाळण संपल्यावर द्रव थेट आत सोडायचा आणि दोन्ही तोंडांना झाकणे लावायची, त्यामुळे फिल्टरला बोट लागण्याचा प्रश्नच येत नाही. द्रव भरल्यावर नमुना बर्फाशिवाय पाठवता येतो, आणि होडीवर शीतपेटी सांभाळण्याचा व्याप ज्यांनी केला आहे त्यांना ही सोय किती मोलाची आहे हे सांगायला नको.

खडकाळ किनाऱ्याच्या स्वच्छ पाण्यात एक लिटर गाळायला सतरा वेळा सिरिंज भरावी लागते आणि ते काम विनासायास होते. खाडीच्या मुखाशी मात्र पाचव्या सिरिंजलाच दट्ट्या जड होऊ लागला, पांढरा फिल्टर चहाच्या रंगाचा झाला, आणि सहाव्या सिरिंजला तळव्याचा सगळा जोर लावूनही पाणी थेंबाथेंबाने उतरत होते. आम्ही ३५० मिलीलिटरवर थांबलो. अशा वेळी काय करावे याबद्दल माहितीपत्रकात एक ओळही नाही, आणि नोंदपत्रावर तर पाण्याच्या प्रमाणापुढे ‘१ लिटर’ असे आधीच छापलेले आहे. प्रत्यक्षात किती पाणी गाळले गेले ही नोंद अहवालाचा अर्थ लावताना अत्यावश्यक असते, कारण कमी पाण्यातून कमी जाती सापडल्या तर तो फरक किनाऱ्याचा नसून गाळणीचा असू शकतो. आम्ही छापील आकडा खोडून खरा आकडा लिहिला. पहिल्या अहवालात तरीही सर्व सहा ठिकाणांपुढे एक लिटरच छापून आला.

माशांसाठी ही सेवा मायफिश हे प्रायमर, म्हणजे पीसीआरमध्ये हव्या त्या तुकड्याला चिकटणारे डीएनएचे छोटे धागे, वापरते, आणि ती निवड योग्यच आहे. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले हे प्रायमर माशांच्या मायटोकाँड्रियातील १२एस जनुकाचा सुमारे १७० अक्षरांचा तुकडा पकडतात. त्यांची परीक्षा ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात झाली, आणि टाक्यांमधल्या ज्या १८० जातींचे संदर्भ-क्रम उपलब्ध होते त्यांपैकी १६८ जाती नुसत्या पाण्यावरून ओळखता आल्या. टाकीत कोणते मासे आहेत हे आधीच ठाऊक असल्यामुळे काय निसटले हेही तिथे मोजता आले, आणि म्हणून त्या आकड्यांवर माझा विश्वास अधिक आहे. अपृष्ठवंशीयांसाठी सीओआय जनुकावरची वेगळी चाचणी ही सेवा देते. ती आम्ही एकदाच करून घेतली. आलेल्या क्रमांतील मोठा भाग निनावी निघाला, आणि ज्या खेकड्यांना चुकवत आम्ही खडकांवरून चालत होतो त्यांचा यादीत पत्ताच नव्हता. कठीण कवचाच्या प्राण्यांचा डीएनए पाण्यात कमी उतरतो, त्यामुळे हा दोष केवळ प्रयोगशाळेचा म्हणता येणार नाही. पण चाचणी विकताना ही मर्यादा सांगायला हवी होती.

माझा खरा आक्षेप अहवालावर आहे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत सापडलेल्या जातींची एकूण संख्या येते, आणि तो आकडा पाहून आमचाही आनंद गगनात मावेना. यादी वाचायला घेतल्यावर मात्र मी सॅल्मनपाशी अडखळलो. आमच्या उबदार पाण्यात सॅल्मन राहत नाही. नमुन्याच्या जागेपासून थोड्याच अंतरावर सांडपाण्याचा नाला समुद्राला मिळतो आणि स्वयंपाकघरांतून धुऊन गेलेला डीएनए त्या वाटेने येऊ शकतो, हे स्पष्टीकरण मला पटते. कोंबडी आणि डुक्कर यांचे क्रमही त्याच ठिकाणी आले होते. परंतु एकूण संख्येत सॅल्मन धरलेला होता, आणि त्यापुढे कोणतीही खूण नव्हती.

त्याहून गंभीर बाब कोऱ्या नमुन्याची आहे. प्रत्येक फेरीत आम्ही एका फिल्टरमधून समुद्राच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी गाळून पाठवतो; त्यात काहीही सापडता कामा नये, आणि सापडलेच तर ते हातातून, सिरिंजमधून किंवा प्रयोगशाळेतून आलेले असते. पहिल्या अहवालात या कोऱ्या नमुन्याचा उल्लेखच नव्हता. दोनदा लिहून विचारल्यावर जो तक्ता आला, त्यात कोऱ्या नमुन्यातही बोय माशाची काहीशे वाचने, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, दिसत होती. सहाही ठिकाणी बोय असल्याचे अहवाल सांगत होता, पण त्यांपैकी दोन ठिकाणचे आकडे कोऱ्या नमुन्यातल्या आकड्याच्या आसपासच होते. म्हणजे चार ठिकाणी बोय असल्याचे खात्रीने म्हणता येते आणि उरलेल्या दोन ठिकाणी म्हणता येत नाही. ही इतकी साधी गोष्ट ग्राहकाने पाठपुरावा करून मिळवावी लागते, हे मला मान्य नाही. किती जाती सापडल्या यापेक्षा कोऱ्या नमुन्यात काय सापडले हे पहिल्या पानावर छापणारी सेवा मी अधिक विश्वासार्ह मानीन.

वाचनांच्या संख्येवरून काढलेला रंगीत वर्तुळाकार आलेखही काढून टाकावा. वाचने जास्त म्हणजे मासे जास्त, असे त्यातून वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात प्रायमर काही जातींना अधिक घट्ट चिकटतो, पीसीआरमध्ये लहानसा फरक अनेक पटींनी वाढतो आणि मोठा मासा जवळून गेला तरी आकडा फुगतो. माशाचे वय, आकार, किंवा तो जिवंत होता की मेलेला, यांपैकी काहीही या पद्धतीने कळत नाही. तसेच ट्यूनासारख्या एकमेकांच्या अगदी जवळच्या जाती १२एसच्या तुकड्यावरून नीट वेगळ्या करता येत नाहीत, तरीही अहवालात एका जातीचे पूर्ण नाव ठामपणे छापले होते. तिथे फक्त प्रजातीगटाचे नाव देऊन थांबणे प्रामाणिक ठरले असते.

हे सगळे लिहूनही मी ही सेवा पुन्हा घेणार आहे. कपारीत दडून राहणारी वाम आमच्या जाळ्यात कधीच आली नव्हती आणि डोळ्यांनाही दिसली नव्हती. खडकाळ किनाऱ्याच्या तीनही नमुन्यांत ती स्पष्ट आली, आणि त्यानंतर रात्री दिवा घेऊन उतरल्यावर आम्हाला ती प्रत्यक्ष दिसली. जपानच्या माइझुरू उपसागरात ४७ ठिकाणांचे पाणी एका दिवसात सुमारे सहा तासांत गोळा करून १२८ प्रकारचे मासे नोंदवले गेले, आणि त्यांत १४ वर्षांच्या पाण्याखालील निरीक्षणांत न दिसलेल्या जातीही होत्या. तिथेही मासळीबाजारातून आलेल्या डीएनएचा विचार करावा लागला होता, हे वाचून आमच्या सॅल्मनबद्दल मला थोडा धीर आला. एवढे विस्तृत चित्र इतक्या कमी वेळात जाळ्याने मिळणार नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

दुसऱ्या हंगामात सेवेत काही सुधारणा झाल्या. गाळलेल्या पाण्याचे खरे प्रमाण अहवालात आले, कोऱ्या नमुन्याचा तक्ता मागितल्याशिवाय मिळाला आणि कच्च्या क्रमांच्या फाइलीही हाती आल्या. वर्तुळाकार आलेख अजून तसाच आहे. आम्हीही आमच्या बाजूने पद्धत बदलली: प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी तीन नमुने घेतले, भरतीची वेळ सगळीकडे सारखी ठेवली, गढूळ ठिकाणी एका नमुन्यासाठी दोन फिल्टर वापरले आणि उपकरणे पातळ ब्लीचने धुऊन मगच पुढच्या जागी नेली.

विश्लेषणानंतर उरलेला डीएनए काही महिन्यांनी टाकून दिला जातो, ही अट करारात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे आणि ती आम्ही पहिल्या वेळी वाचली नव्हती. पहिल्या हंगामाचे नमुने त्यामुळे गेले. आज ज्या क्रमांपुढे नाव नाही त्यांचे संदर्भ-क्रम उद्या संग्रहात आले, तर जुन्या फाइलींवरून ती नावे लावता येतील. पण नव्या प्रायमरने तेच पाणी पुन्हा तपासायचे झाले, तर मूळ डीएनएच हवा. दुसऱ्या हंगामाच्या नळ्या आम्ही लेखी मागणी करून परत घेतल्या असून त्या आता उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये, ठिकाण, तारीख आणि गाळलेले मिलीलिटर लिहून ठेवलेल्या आहेत.