५१६ ग्रेड ७०: साधी की नॉर्मलाइज्ड?

५१६ ग्रेड ७० म्हणजे प्रेशर व्हेसलचं (दाब सोसणाऱ्या टाकीचं) स्टील. साधी प्लेट रोल केली तशीच येते, नॉर्मलाइज्ड पुन्हा तापवून हवेत थंड केलेली. भोसरीच्या शॉपमध्ये दोन्ही प्लेटा शेजारी ठेवल्या तर ओळखू येणार नाहीत. ग्रेड तोच. पण प्रेशर व्हेसलच्या एएसएमई कोडात (सेक्शन ८, डिव्हिजन १) जाडीनुसार किती थंड चालेल ते सांगणारे कर्व्ह आहेत: साधी प्लेट कर्व्ह बी वर, नॉर्मलाइज्ड कर्व्ह डी वर. २५ मिमी जाडीला इम्पॅक्ट टेस्टशिवाय (थंडीत ठिसूळ होते का ते पाहणाऱ्या चाचणीशिवाय) साधी जेमतेम शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास थांबते. नॉर्मलाइज्ड उणे ३५ च्या जवळ जाते. ४० मिमीच्या वर प्रश्नच नाही, स्पेसिफिकेशनच नॉर्मलाइजिंग मागतं.

पुण्याची थंडी कितीशी? खरं तापमान आतल्या मालाचं: प्रेशर उतरलं की अमोनिया उणे ३३ वर उकळतो. अशा व्हेसलला मी नॉर्मलाइज्डच घेईन. एअर रिसीव्हरला (कॉम्प्रेसरच्या हवेच्या टाकीला) मात्र साधी बहुधा पुरते, उगाच खर्च कशाला? कटिंगआधी मिल सर्टिफिकेटवर हीट ट्रीटमेंटचा रकाना वाचा. प्लेटवरचा हीट नंबर (स्टीलच्या वितळणीच्या लॉटचा क्रमांक) त्याच्याशी जुळवा.