डीएमपीओ: मेंब्रेनमधला रॅडिकल पकडतो, पण साक्ष तपासून घ्या

फ्यूएल सेलमधलं मेंब्रेन म्हणजे फ्लोरीन असलेल्या प्लास्टिकचा पातळ पडदा; सेलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड मोजलं की तो किती झिजला ते कळतं. कोणत्या रॅडिकलने (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला, अतिक्रियाशील कण) झिजवलं ते नाही. त्यासाठी ईएसआर मशीन (असे एकटे इलेक्ट्रॉन मायक्रोवेव्हने ओळखणारं) आणि डीएमपीओ हा स्पिन ट्रॅप, म्हणजे अल्पजीवी रॅडिकलला चिकटून त्याला टिकवणारं रसायन, लागतो. डेट्रॉइट मर्सी विद्यापीठात शुलामिथ श्लिक यांच्या गटाने तर चालू सेलच ईएसआरच्या रेझोनेटरमध्ये (नमुना ठेवायच्या पोकळीत) बसवून हे रॅडिकल पकडले.

रसायन कामाचं, पण नाजूक. वितळणबिंदू २५ ते २९ अंश, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिलात टेबलावर ठेवलं की त्याचं तेल होतं. साठवण उणे २० अंशांवर, अंधारात, आर्गॉनखाली. थंड बाटली लगेच उघडली तर ती दमटपणा ओढते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि माल छोट्या कुप्यांत वाटून ठेवा. पिवळट झाक दिसली तर १०० मिलिमोलर द्रावण (१ मिलिलिटरला ११.३ मिलिग्रॅम) अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलसोबत ढवळून गाळा. चारकोल थोडं डीएमपीओही खातो, म्हणून द्रावण पातळ करून २२८ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशशोषण पाहून डीएमपीओचं प्रमाण पुन्हा मोजा.

नॅफिऑनची (मेंब्रेनचं नेहमीचं प्लास्टिक) डीएमपीओच्या द्रावणात भिजवलेली पट्टी फिल्टर पेपरने नीट टिपा. ओलं जास्त राहिलं तर पाणी मायक्रोवेव्ह शोषतं आणि मशीन ट्यूनच होत नाही. हायड्रॉक्सिल रॅडिकल पकडला गेला की १:२:२:१ उंचीच्या चार रेषा येतात, अंतर सुमारे १४.९ गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक).

गोम इथेच आहे. मेंब्रेनमध्ये फेरिक लोह असेल तर ते पाण्यालाच डीएमपीओला जोडून देतं; रॅडिकल नसतानाही हुबेहूब त्याच चार रेषा! म्हणून पेरॉक्साइड (ज्यापासून रॅडिकल तयार होतात) न घातलेला एक नमुना हवाच. दुसऱ्यात १० टक्के डीएमएसओ घाला (हा द्रावक हायड्रॉक्सिलशी भिडून मिथिल रॅडिकल देतो): हायड्रॉक्सिल खरा असेल तर चार रेषा खचतात आणि मिथिलच्या सहा रेषा (१६.४ व २३.४ गॉस) वर येतात. सात रेषा दिसल्या तर ट्रॅपचंच ऑक्सिडीकरण झालंय, पेरॉक्साइड किंवा लोह कमी करा.

चार रेषांच्या उंचीवरून हायड्रॉक्सिलचं प्रमाण सांगू नका. हायड्रोपेरॉक्सिल या दुसऱ्या रॅडिकलचा अ‍ॅडक्ट (ट्रॅप आणि रॅडिकल जोडून बनलेला रेणू) अल्पजीवी असतो आणि मोडताना हायड्रॉक्सिलच्याच अ‍ॅडक्टमध्ये बदलू शकतो. शोध हायड्रोपेरॉक्सिलचाच असेल तर डीएमपीओवर पैसे घालवू नका. बीएमपीओ हा दुसरा ट्रॅप घ्या, त्याचा अ‍ॅडक्ट बराच जास्त टिकतो.