गुडघ्यावरची झुळूक, ६६,८०० रुपयांची

आकडा आधीच सांगून टाकतो, घरात तो मला रोज ऐकवला जातोच. ६६,८०० रुपये. त्यातले ३६,७०० मी स्वतःच्या हाताने, समोरच्याला चहा पाजून दिले. उरलेले ३०,१०० त्याने करून ठेवलेलं निस्तरायला गेले. सगळं गाडीचं इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या एका पंख्यापायी. वीज खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस आहे मी. हे लिहायची लाज वाटते, पण मी नाही लिहिलं तर ओळखीचं कुणीतरी सांगेलच.

गाडी १९६५ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन सीटची, उघड्या टपाची, १७९८ सीसी. १९९६ मध्ये मुंबईहून आणली, तेव्हापासून नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या घराखाली आहे. गाडी बनली इंग्लंडच्या हवेसाठी आणि राहते कुठे, तर २३ मे २०१३ ला जिथे पारा ४७.९ वर गेला तिथे. दिवाळी ते होळी काही त्रास नाही. एप्रिल लागला की व्हरायटी चौकाच्या सिग्नललाच तापमानाचा काटा चढायला लागतो. तिचा मूळ पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन हळू असलं की पंखाही हळू. वारा जेव्हा खरा हवा तेव्हाच नाही. म्हणून विजेचा पंखा बसवायचं डोक्यात आलं. कंपनीनेच १९७७ च्या मॉडेलपासून विजेचे पंखे दिले होते, तेव्हा विचार चुकीचा नव्हता. माणूस चुकीचा निवडला.

त्यात घाई. मे २०२५ मध्ये भाच्याचं लग्न होतं आणि वरात मामाच्या लाल गाडीतून निघणार हे त्याने तिसरीत असतानाच ठरवून टाकलेलं. वरात म्हणजे दीड तास मुंगीच्या पावलाने. जुन्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एकाचा नंबर मिळाला. पस्तिशीचा पोरगा, तोंडाने गोड, दर वाक्याला "काका". कामठी रोडच्या आत टिनाचं शेड. शेडमध्ये एक जुनी हेराल्ड मोटार उभी होती, तिच्याकडे बघूनच मी विरघळलो. ती दुसऱ्या कुणाची तरी, मार्चपासून अडकून पडलेली होती, हे नंतर कळलं.

इटलीच्या स्पाल कंपनीचा पंखा, १८,५०० ॲडव्हान्स. आठ दिवसांनी फोन, "काका, माल कस्टममध्ये अडकलाय, ७,४०० भरावे लागतील." भरले. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं दिसलं. विचारलं तर "वहिनींचं खातं आहे." कस्टमची ड्युटी कुणाच्या वहिनीच्या खात्यात जात नसते, बाप्पा! पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येतं ते मोठ्याने वाचा, बायकोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मग रिले, फ्यूज, थर्मोस्टॅट स्विच (इंजिन तापलं की पंखा आपोआप चालू करणारा) आणि वायरिंगचे ४,८००. बसवायचे ६,०००.

आता तो क्षण. लग्नाला पाच दिवस होते. या गाडीत रेडिएटर इंजिनाला इतका चिकटून आहे की मागे जागाच नाही, म्हणून पंखा रेडिएटरच्या पुढे लावतात आणि त्याने वारा आत, इंजिनाकडे ढकलायचा असतो. पोराने बटण दाबलं. पंखा घोंघावला. मी गाडीच्या समोर, जाळीपासून हातभर अंतरावर, बर्म्युडा घालून उभा होतो. दुपारचे बारा. आणि माझ्या गुडघ्यांवर मस्त वारा लागला.

मला बरं वाटलं. मी म्हणालो, "वा! कूलरसारखा आहे बे!" तो म्हणाला, "थ्रो बघा काका, थ्रो."

वारा माझ्या अंगावर येत होता. म्हणजे पंखा उलटा फिरत होता. जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरला असता तर तो आत चिकटायला हवा, इथे उडून माझ्या तोंडावर आला असता. कागदही लागला नाही, माझे स्वतःचे गुडघे सांगत होते. आणि मी खूश!

कारण साधं आहे. १९६७ च्या आधीच्या या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या नेमका उलट. पोराने काळी वायर बॉडीला लावली, लाल स्विचला. डीसी मोटर, ध्रुव उलटले की फेरा उलटा. हे मी नवीन पोरांना शिकवायचो. पण माझी बाजूही ऐका. घरात पाहुणे, मांडववाल्याचे फोन, सकाळपासून पोटात फक्त चहा. आणि आपण पैसे मोजून तज्ज्ञ आणला की आपलं डोकं सुट्टीवर जातं, तुमचंही जाईल.

जाताना तो माझा मूळ पत्र्याचा पंखा काढून घेऊन गेला. "आता याचं काय काम काका, उगाच इंजिनावर लोड." मीच पिशवी दिली. नवीन बसवलेलं काम पूर्ण उन्हाळा चालून दाखवेपर्यंत जुना भाग घराबाहेर जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी वर्धा रोडला चक्कर मारली. साठच्या वेगातही काटा वर. तोवर कधीच नव्हता, चालत्या गाडीला समोरचा वाराच पुरायचा. आता पंखा त्याच वाऱ्याला बाहेर ढकलत होता. फोन केला. "नवीन आहे काका, सेट व्हायला शंभर किलोमीटर लागतात." पंखा काय लग्नातला बूट आहे सेट व्हायला? पण ऐकलं.

वरातीचं थोडक्यात सांगतो, आठवायला नको वाटतं. महाल भागातून निघालो, डीजे पुढे, काटा चाळीस मिनिटांत टोकाला. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो फुल फिरला तरी २२ अँपियर देतो आणि गाडी उभी, इंजिन हळू असताना जवळपास काहीच नाही, त्यामुळे पंखा थेट बॅटरी पीत होता. बॅटरी बसली. पंखा बंद, हेडलाइट पिवळे, बॉनेटमधून वाफ आणि वाफेत फेटा बांधलेला नवरदेव. हॉल दोनशे मीटरवर होता म्हणून मी तसंच दामटलं. वर कुणीतरी आणलेलं बिसलेरीचं गार पाणी तापलेल्या इंजिनात ओतलं. हा गाढवपणा माझा, त्याच्या खात्यात नाही टाकत. पुढचे पन्नास मीटर वऱ्हाड्यांनी ढकललं. व्हिडिओ आहे. सगळ्यांकडे आहे.

इंजिनाचं हेड वाकलं. गॅस्केट आणि हेड फेसिंगचे २१,३००. डायनॅमोचं आर्मेचर ३,२००. बॅटरी ५,६००. गणेशपेठेतल्या मिस्त्रीने पंखा हातात घेतला, नखाने काळा स्प्रे खरवडला, स्टिकरखालून दुसरा, अर्धा फाटलेला स्टिकर निघाला. "मारुतीचा आहे ना जी हा. भंगारात पाचशेला भेटते." रिले नव्हताच. फ्यूजही नव्हता. डॅशबोर्डवर थर्मोस्टॅटची गोल कळ होती, ती एम-सीलने चिकटवलेली, मागे काहीच नाही. २०२४ च्या मेमध्ये आपल्याकडच्या हवामान खात्याच्या एका यंत्राने ५६ अंश दाखवलं आणि सेन्सर बिघडल्याचं निघालं, तेव्हा मी फार हसलो होतो. त्यांच्याकडे निदान सेन्सर तरी होता.

आणि वर मीठ चोळायला, मिस्त्रीने रेडिएटर उघडला तर अर्ध्या नळ्या बोअरच्या पाण्याच्या खाराने बुजलेल्या. साफ करायचे २,२०० घेतले. हे फसवणुकीत धरत नाही. आधी एवढंच केलं असतं तर विजेचा पंखा लागलाच नसता. पंखा घ्यायच्या आधी रेडिएटर उघडून बघा.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी हवालदार, "पंखा? सीलिंगचा?" मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) लिहून नेलं होतं. त्याने अर्ज दोनदा उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "चारसोबीस लिहा ना साधं, कावून गुंतवता?" मी म्हटलं, ते १ जुलै २०२४ पासून बदललं. त्याला माझा राग आला. तिसऱ्या दिवशी निकाल मिळाला, "हे दिवाणी प्रकरण आहे काका. अन् साठ वर्षांची गाडी, गरम तर होणारच." बाकावरचे दोघे हसले. माझी सही घेतली, पोच मागितली तर शिक्का सापडेना. शिक्का! टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाखाली होता, मला दिसत होता. बँकेत गेलो तर मॅडम म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकला ना?" मीच टाकला. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन त्याच दिवशी करायचा असतो, मी एकोणिसाव्या दिवशी केला. तोवर वहिनींच्या खात्यात पोहे खाण्याइतकेही उरले नव्हते.

पावती आहे माझ्याकडे, छापील, जीएसटी नंबरसकट. नंबर २७ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा, अगदी बरोबर. फक्त १५ अक्षरं हवीत तिथे १४ आहेत. हे मी घरी, चष्मा लावून, बोटाने मोजलं, सगळं झाल्यावर. तुम्ही आधी मोजा आणि जीएसटीच्या साइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, पाच लाखांपर्यंत फी नाही. नोटीस शेडच्या पत्त्यावरून परत आली. तिथे आता गुरांचा चारा भरलाय. समोरचा पानठेलेवाला म्हणतो, "तुम्ही सातवे."

भंगारातला पंखा माझ्या गॅलरीत आहे. बायको म्हणते, कूलरला लावा, हवा तर चांगली फेकतो.

माझा मूळ पंखा मात्र हवा आहे. पत्र्याचा, पिवळा रंग उडालेला, एका पात्याच्या टोकाला कानशीने घासलेली आडवी खूण, १९९८ मध्ये बॅलन्स करताना मीच केलेली. कुणाकडे विकायला आला तर पैसे देऊ नका, आधी मला कळवा.