एएमटीची १९५३ स्टुडबेकर स्टारलायनर: मोल्डमेकरच्या नजरेतून एक जुनं किट

एएमटी ही प्लास्टिकच्या जोडायच्या मॉडेल गाड्या बनवणारी जुनी अमेरिकी कंपनी. तिचं १९५३ च्या स्टुडबेकर स्टारलायनर या अमेरिकी गाडीचं १/२५ मापाचं किट मी गावातल्याच एका हॉबी शॉपमधून घेतलं. पस्तीसेक डॉलर पडले. हे पत्र्याच्या डब्यात येतं आणि डब्यावर अमेरिकी टपाल खात्याच्या तिकिटाचं चित्र आहे. २००५ साली पन्नाशीच्या दशकातल्या स्पोर्टी गाड्यांवर ३७ सेंटची पाच तिकिटं निघाली होती, त्यातलं हे एक. चित्र आर्ट फिट्झपॅट्रिक यांचं, साठच्या दशकात पॉन्टिअक गाड्यांच्या त्या देखण्या जाहिराती रंगवणारे तेच. डबा छानच आहे, पण मी पैसे मोजले ते आतल्या बॉडीसाठी आणि ते वसूल झाले.

मी मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो. एएमटीच्या साठच्या दशकातल्या डब्यांवर याच गावाचा पत्ता छापलेला असायचा. शिक्षण तेव्हाच्या औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये झालं, नंतर भोसरी एमआयडीसीत प्लास्टिकच्या भागांचे मोल्ड, म्हणजे साचे केले, आणि आता इथे तेच काम कॉम्प्युटरवर करतो. त्यामुळे किट उघडल्यावर मला आधी गाडी दिसत नाही, मोल्ड दिसतो. हा रिव्ह्यूही तसाच आहे.

बॉडी एकसंध आहे. छप्पर, दारं, मागची डिकी, फेंडर सगळं एका शॉटमध्ये, म्हणजे मोल्डमध्ये एकदाच प्लास्टिक भरून आलेलं. बॉनेट तेवढं वेगळं. दोन भागांत उघडणाऱ्या साध्या मोल्डमधून असा भाग निघूच शकत नाही. दाराच्या बाजूला खोलगट वळण आहे, पुढे ग्रिलची तोंडं आहेत, मागे दिव्यांच्या जागा आहेत; प्रत्येक दिशेला कुठे ना कुठे अंडरकट, म्हणजे सरळ ओढला तर मोल्डमध्ये अडकेल असा आकार. म्हणून चारही बाजूंनी स्लाइड, म्हणजे बाजूला सरकणारे मोल्डचे भाग लागतात. मोदकाचा साचा पाकळी पाकळीने उघडतो आणि मोदकावर बारीक रेघ राहते, तसंच इथे स्लाइड जिथे एकमेकींना भिडतात तिथे पार्टिंग लाइन उमटते. फेंडरच्या माथ्यावरून एक, डिकीच्या कोपऱ्यातून एक, मागच्या खांबावरून एक. पहिल्यांदा किट बांधणारे पुष्कळ जण या रेषांना गाडीचीच डिझाइन समजून रंग मारून मोकळे होतात. बॉडी उजेडात तिरकी धरा, बोटाचं नख फिरवा, जिथे अडेल तिथे ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने चालवा, मग ६००. रेघ गेली पण फेंडरची गोलाई गेली नाही, इतकंच घासायचं. मला या कामाला एक अख्खी संध्याकाळ लागली आणि ती या किटमधली सगळ्यात आनंदाची संध्याकाळ होती.

विचार करा, हे सगळं कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी मॉडेलशिवाय झालेलं आहे. साठच्या दशकात मोठ्या आकाराचा लाकडी नमुना कोरायचे, त्यावरून पँटोग्राफवर, म्हणजे नमुना लहान करून कोरणाऱ्या यंत्रावर, पोलादात आकार उतरवायचे आणि शेवटचा हात टूलमेकर स्वतः फाइल आणि पॉलिशिंग स्टोनने द्यायचा. स्टारलायनरच्या दारावरचं ते वळण मागे जाता जाता कसं विरत जातं ते बघा. ते कुणीतरी डोळ्याने तोलून पोलादात आणलेलं आहे. माझ्या हाताखाली आलेल्या कित्येक आधुनिक मोल्डमध्ये इतकी जाण दिसत नाही.

हा मोल्ड आजवर टिकला याचं कारणही सांगण्यासारखं आहे. एएमटीने १९४८ मध्ये सुरुवात केली ती फोर्डच्या डीलरांसाठी अॅल्युमिनियमची छोटी मॉडेलं करून. मग प्लास्टिक आलं, आणि १९५८ पासून एकाच डब्यातून तीन तऱ्हांची गाडी बांधता येईल अशी किटं. त्या वर्षीच्या नव्या गाडीचं किट त्याच वर्षी बाजारात यायचं. पुढच्या वर्षी डेट्रॉइटवाल्यांनी, म्हणजे गाड्यांच्या कंपन्यांनी, ग्रिल बदललं, दिवे बदलले की किटवाले नवा मोल्ड करत नसत. जुनाच पोलादी मोल्ड वेल्डिंगने भरून, पुन्हा कोरून नव्या सालाचा करत. पैशाच्या हिशेबाने शहाणपणाचं काम, पण त्यामुळे आधीच्या सालाची गाडी त्या मोल्डमधून कायमची गेली. म्हणून त्या वार्षिक किटांपैकी काही आज शेकडो डॉलरना विकली जातात. स्टुडबेकरचं नशीब निराळं. किट आलं तेव्हाच गाडी जुनी झाली होती, दर वर्षी तिचं रूप बदलायचं कारण नव्हतं, त्यामुळे मोल्ड शाबूत राहिला आणि त्यातून आजही शॉट निघतात.

मूळ गाडीबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नामवंत डिझायनर रेमंड लोवी यांच्या स्टुडिओचं हे काम, प्रत्यक्ष रेषा रॉबर्ट बर्क यांच्या. १९५३ साली बाकीच्या अमेरिकी गाड्या उंच, फुगीर आणि क्रोमने लगडलेल्या असताना ही ठेंगणी, लांब, जवळजवळ निराभरण गाडी आली. व्हीलबेस १२०.५ इंच, म्हणजे किटच्या १/२५ मापात साधारण १२२ मिलिमीटर. दाराची काच आणि मागची खिडकी यांच्या मध्ये खांब नाही, काचा खाली केल्या की बाजू सलग मोकळी. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच वर्षी निवडक दहा मोटारींच्या प्रदर्शनात तिला जागा दिली. पण कारखान्यात वेगळंच चाललं होतं. फ्रेम इतकी लवचिक निघाली की इंजिनाचं वजन पडल्यावर पुढचे पत्रे एकमेकांशी जुळेनात. शिवाय कंपनीने सेडान जास्त खपतील असं धरलं होतं आणि गिऱ्हाइकं कूपे, म्हणजे ही दोन दारांची गाडी, मागत राहिली. साउथ बेंड, इंडियाना इथला कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद पडला. कॅनडातल्या हॅमिल्टनला १९६६ पर्यंत गाड्या निघाल्या, मग संपलं. आज एएमटीचं नाव ज्या राउंड २ कंपनीकडे आहे ती साउथ बेंडचीच आहे. ज्या गावात ही गाडी जन्मली त्याच गावातून तिचं किट बाजारात येतं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती सरळ आहे. इंजिन, चेसिस आणि आतल्या सीटा नीट बसतात. मात्र जोडण्याआधी प्रत्येक भाग कोरडा लावून बघण्याची सवय हवी. भाग मोल्डमधून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे बहुतेक खालच्या बाजूला येतात, तिकडे पुट्टी लावत बसायची गरज नाही. पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक जोडायच्या द्रव गोंदाचा, ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा, ते आपोआप आत ओढलं जातं. काचांना मात्र ते कधीच लावू नका, वाफेनेही काच धुरकट होते. पांढरा फेविकॉलसारखा गोंद पुरतो. क्रोमचे भाग स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, कापले की कापल्याजागी पांढरा ठिपका राहतो. बंपर मला स्वच्छ हवे होते, म्हणून घरगुती ब्लीचमध्ये बुडवून सगळं क्रोम उतरवलं, रेषा घासल्या आणि पुन्हा क्रोम रंग मारला. वेळ नसेल तर असलेलं क्रोमही वाईट दिसत नाही. गाडी स्टॉक, म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, ठेवायची की बदल करून वेगाची करायची, हे तुम्हीच ठरवायचं. अमेरिकेत वेगाच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर या कूपे आजही पळतात, कारण हवा कापणारा इतका चांगला आकार त्या काळच्या फार थोड्या अमेरिकी गाड्यांकडे होता. मी स्टॉक ठेवली. गडद हिरवी बॉडी, छप्पर साईच्या रंगाचं.

आता खिडक्यांच्या चौकटी. प्रत्यक्ष गाडीत काचांभोवती चकचकीत पट्टी आहे, किटमध्ये ती केसाएवढी उंच रेघ म्हणून दिलेली आहे. ब्रशने रंगवली तर कितीही हात स्थिर असो, ती रंगवलेलीच दिसते. इथे बेअर-मेटल फॉइल लागतं. मागे चिकट थर असलेला अतिशय पातळ अॅल्युमिनियमचा पापुद्रा. चौकटीपेक्षा थोडी रुंद पट्टी कापायची, ठेवायची, कापसाच्या काडीने दाबत न्यायची, मग टूथपिकच्या टोकाने कडा बसवायची. रेघ फॉइलमधून स्पष्ट वर येते. तिच्या बाजूने हॉबी चाकूच्या नव्या कोऱ्या, टोकदार ११ नंबरच्या ब्लेडने, जवळजवळ वजन न देता, काप घ्यायचा आणि जादा पापुद्रा सोलून काढायचा. ब्लेड थोडं जरी बोथट असेल तर फॉइल फाटतं, आणि जोर दिला तर खालचा रंग कापला जातो. कोपऱ्यात एकाच पट्टीचा हट्ट धरू नका. दोन पट्ट्या एकमेकींवर चढवून दाबल्या की जोड दिसत नाही. या गाडीवर क्रोम कमी आहे, त्यामुळे फॉइल शिकायला हिच्यासारखं किट नाही. १९५८ ची एखादी ब्युइक घ्याल तर हात शिकण्याआधी धीर संपेल.

जुनं, न उघडलेलं किट घ्यावं की हे नवं छापलेलं, हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. गोळा करण्यासाठी जुनं जरूर घ्या. त्या डब्यांवरची चित्रं, त्यातले पातळ सूचनापत्रकाचे कागद यांची मजा वेगळी. पण बांधायचं असेल तर नवं घ्या. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी सत्तरच्या दशकातलं एक सीलबंद किट घेतलं होतं. आत टायर काचांच्या भागावर पडून होते. त्या काळच्या मऊ व्हिनाइल टायरमधलं प्लास्टिसायझर, म्हणजे त्यांना मऊ ठेवणारं रसायन, हळूहळू बाहेर येतं आणि किटच्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकला विरघळवतं. पुढच्या काचेवर टायरची नक्षी खोल उतरली होती. ती पॉलिशने जात नाही, काच नवीनच करावी लागते. जुने डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायची चित्रं, तर बहुधा पिवळे पडलेले असतातच. ते मात्र घराच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ऊन दाखवलं तर बरेच उजळतात. तुमच्याकडे न बांधलेली किटं पडून असतील तर आजच उघडा आणि टायर वेगळ्या पिशवीत घाला.

पुण्या-मुंबईहून कुणी इकडे येणार असेल तर परतताना हे किट त्यांच्या सुटकेसमध्ये सहज जातं, कपड्यांच्या मध्ये ठेवलं की पत्र्याच्या डब्याला पोचाही येत नाही. सिमेंट आणि स्प्रेचे कॅन मात्र बरोबर देऊ नका, ते ज्वलनशील म्हणून विमानात चालत नाहीत. फॉइलचा एक ताव, ११ नंबरच्या ब्लेडची डबी आणि बारीक चिमटा द्या. प्रायमर आणि रंग तिकडेच घ्यायला सांगा, आणि पावसाळ्यात रंग मारायची घाई करू नका असंही सांगा. दमट हवेत लॅकर रंगावर पांढुरकी छटा येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा या गाडीच्या हिरव्या रंगाला एकदम योग्य.