गमबूट, काळे, गुडघ्याखालपर्यंतचे: भातलावणीसाठी नाही, कोंबड्यासाठी घेतले

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

हे बूट खरं तर चिखलासाठीचे. लेप्टोच्या, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाच्या, भीतीने आमच्या सिंधुदुर्गात दर पावसात आरोग्यवाले सांगत फिरतात की शेतात उतरताना गमबूट घाला, म्हणून कृषी सेवा केंद्रात खताच्या गोणींशेजारी ते टांगलेले असतात. मी गेले तेव्हा श्रावण लागला होता. दुकानातला पोरगा म्हणाला, "काकी, लावणी झाली मगे, आता बूट कित्याक?" म्हटलं, कोंब्यासाठी. तो हसला. त्याच्या घरी बहुधा कोंबडा नसावा.

आमचा कोंबडा गावठी, तांबडा, शेपटीला काळी-हिरवी झाक. पाहुणे आले की फोटो काढतात. पिल्लू होता तेव्हा हातावरचे तांदूळ खायचा. बांग द्यायला लागला आणि पार बदलला. हातावर वाढलेला नर पुढे जास्त अंगावर येतो, कारण त्याला माणसाचा धाक उरलेला नसतो. त्याच्या लेखी आपण म्हणजे खळ्यात, आमच्याकडच्या अंगणात, घुसलेला दुसरा कोंबडा. अंडी काढायला खुराड्याशी वाकलं, किंवा एखादी तलंग (तरुण कोंबडी) उचलली आणि ती ओरडली, की हा आलाच. आधी मान खाली घालतो, गळ्याची पिसं फुलवतो, एक पंख जमिनीला घासत तिरका तिरका चालतो, आणि मग दोन्ही पाय पुढे करून उडी. चोचीचं फार काही नाही. मार बसतो तो पायामागच्या काट्याचा. जखम वरून बारीक दिसते पण आत खोल जाते, त्यामुळे साबणाच्या पाण्याने भरपूर धुवून आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. हळद चेपून गप्प बसू नये.

"विकून टाक" म्हणणारे खूप भेटले. पण हा राखणीचा. राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, बोललेला कोंबडा बाजारात नेत नाहीत, आणि राखण, म्हणजे त्याचा तो मान, तिच्या वेळेलाच दिली जाते. तोवर याच्याबरोबरच नांदायचं आहे. शिवाय सात कोंबड्यांत एक नर हे प्रमाणही ठीक आहे. नुसत्या अंड्यांना कोंबडा लागत नाही, पण खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून पिल्लं काढायची तर लागतोच.

तर बूट. साडेचारशेला मिळाले. प्लास्टिक जाड आहे, आतून कापडाचं अस्तर आहे. काटा थेट पोटरीवर बसला तरी आत लागत नाही, फक्त डब्यावर पळी आपटावी तसा ठप्प आवाज येतो. बाहेरून पांढरट चरे पडलेत, भोक एकही नाही. घोट्याच्या जरा वरपर्यंतचे आखूड बूट थोडे स्वस्त मिळतात, ते या कामाला घेऊ नका. हा उडतो तो नेमका त्याच्या वर. आणखी एक, हे कोणी सांगत नाही: मॅक्सी घालून खळ्यात वावरत असाल तर तिचा घोळ बुटात खोचा. हलता घोळ दिसला की तो जास्त चवताळतो.

बुटाचा खरा उपयोग मार चुकवण्यापेक्षा वेगळाच आहे. लागणार नाही हे माहीत असलं की माणूस पळत नाही. सासूबाई पहिल्यापासून सांगत होत्या, "तू तेका घाबरलंस की तो चढलोच." पण उघड्या पायांनी ते जमणार कसं? आता मी जागची हलत नाही. तोंड त्याच्याकडे ठेवायचं, पाठ द्यायची नाही, आणि तो तिरका चालायला लागला की आपणच एक पाऊल त्याच्या अंगावर टाकायचं. लाथ मारायची नाही. शेजारचे भाऊ "घाल पेकाटात" म्हणतात, पण लाथ म्हणजे त्याच्या भाषेत झुंजीला होकार. आपण नुसते पुढे गेलो की तो थांबतो आणि जमिनीवर काहीतरी टिपल्याचं नाटक करतो. ते नाटक सुरू झालं की समजावं, आजचं भांडण संपलं. रात्री खुराड्यात तो आंधळा-गरीब असतो, तेव्हा उचलून काखेत धरून थोडं फिरवलं तरी सकाळचा ताठा कमी राहतो. तेव्हाच काट्याचं टोक कानशीने बोथट करून घ्यावं. फक्त टोकच, कारण आत जिवंत भाग असतो, खोल गेलात तर रक्त थांबता थांबत नाही.

एवढं करूनही तो सुधारला म्हणावं असं नाही. मला ओळखतो, बुटांना ओळखतो. चपला घालून गेले की परत मागे लागतो! आणि पोरांसाठी या बुटांचा काडीचा उपयोग नाही. लहान मुलाच्या तोंडापर्यंत त्याची उडी पोचते. मे महिन्यात नातवंडं येतात तेव्हा तो डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली, त्यावर चिरा, जांभ्याचा दगड. तिथे दयामाया नाही.

आता कापलेला तारा. ऊन पडलं की आत पाय उकडतात, अस्तर घामाने ओलं होतं आणि दोन दिवस वाळत नाही. उलटे करून काठीवर अडकवून ठेवा, नाहीतर वास सुटतो. शेवाळ धरलेल्या चिऱ्यांवर तळवा घसरतो, कोंबड्यापेक्षा त्याचीच धास्ती जास्त. आणि बायकांच्या मापाचे बूट ठेवायचे हे दुकानदारांच्या गावीच नाही. शेतात निम्म्याहून जास्त आम्हीच असतो, तरी सहा नंबरच्या खाली माल नाही. मी जाड मोजे घालून भागवते. पाच नंबर हवा असेल तर आधी सांगून मागवून घ्या, आणि दुकानातच चालून बघा.