गावात माग टाकायचा, पण कुठला?

मुंबई सोडून देवरूखकडे परतलेल्या एका कुटुंबाने मला विचारलं: घरीच पंचे-टॉवेल विणायचे, तर हातमाग घ्यावा की भिवंडीतून जुना यंत्रमाग आणावा? माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे कामगार होते, दोन साचे (माग) सांभाळायचे, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. माझं उत्तर हातमागाकडे झुकतं. का, ते सांगते.

दोन्ही मागांचं मूळ एकच. पूर्वी विणकर धोटा, म्हणजे आडव्या धाग्याची कांडी नेणारा लाकडी तुकडा, एका हातातून दुसऱ्या हातात फेकायचा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोठा असला की दोन माणसं लागायची. १७३३ मध्ये लँकेशरच्या जॉन केने दोरीच्या झटक्याने पळणारा धावता धोटा काढला आणि रुंद कापड एकट्याला विणता येऊ लागलं. १७८५ मध्ये एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट घेतलं, पण तो नीट चालायला बराच काळ गेला. रिचर्ड रॉबर्ट्सचा भरवशाचा लोखंडी माग आला तो १८२२ मध्ये. म्हणजे आजचा चौकटीचा हातमाग आणि साधा यंत्रमाग, दोघांतही धोटाच पळतो. एकीकडे त्याला हात पळवतो, दुसरीकडे मोटार.

फरक वेगात आहे, आणि तो लहान नाही. इंचाला ५० आडवे धागे धरा. यंत्रमागाच्या धोट्याने मिनिटाला १५० फेऱ्या मारल्या (एका फेरीत एक आडवा धागा) तर न थांबता तासाला साडेचार मीटर कापड निघेल. हाताने ४० फेऱ्या जमल्या तर सव्वा मीटर. बाजारभावाने साधा टॉवेल विकायचा असेल तर हातमाग इथेच हरतो.

पण यंत्रमाग कोकणात आणला की पुढे काय होतं ते बघा. आडवा धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. जुन्या साध्या मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर तो माणसालाच दिसावा लागतो. पावसात वीज डळमळते. मोटारीचा वेग पडला की धोटा अर्ध्या वाटेत अडकू शकतो आणि ताण्याचे धागे झुबक्याने तुटतात. चार महिन्यांत लोखंड गंजतं. खळ दिलेले बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेले मोठे रूळ, भिवंडीहून किंवा आंबा घाट उतरून इचलकरंजीहून आणायचे, आणि घरात ओल असली की खळीला बुरशी धरते. आवाज तर घरात सहन होण्याजोगा नसतोच. वडिलांना निवृत्तीआधीच कमी ऐकू येऊ लागलं होतं. आम्ही त्यांच्याशी मोठ्याने बोलायचो आणि बाहेरच्यांना वाटायचं घरात भांडण चाललंय.

दमट हवा सुताला मात्र मानवते. ओलसर धागा कमी तुटतो. मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावरांनी कापड गिरणीचा पाया घातला, पुढे तिथे गिरण्या वाढल्या, त्यामागे बंदर आणि भांडवल होतं, पण ही हवाही होती. हातमागाला या हवेचा फायदा मिळतो. एकच जपा: खड्डा माग, म्हणजे ज्याच्या पायट्या जमिनीतल्या खड्ड्यात असतात तो, घेऊ नका. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपतं, पाय ओलीत राहतात. चौकटीचा माग पडवीत बसतो, वीज मागत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने साडी, धोतर, लुंगी, पंचा-टॉवेल अशा ११ प्रकारांतलं ठरावीक वर्णनाचं कापड हातमागासाठीच राखलं आहे. यंत्रमाग घेण्याआधी आपला माल त्यात येतो का, ते तपासा. हातमागाचा माल हँडलूम मार्क, म्हणजे हातमागाच्या कापडाची सरकारी खूण, लावून विकता येतो. तो हळू विणलेला आहे हे गिऱ्हाइकाला सांगा आणि तशी किंमत मागा.

रॅपियरसारखे धोट्याशिवायचे माग या प्रश्नात बसतच नाहीत. त्यांना भांडवल, सलग वीज आणि तंत्रज्ञ लागतो.

यंत्रमाग घ्यावा असं मी एकाच घराला सांगेन: ज्यांच्या वाडीत माग खोलून जोडणारा माणूस आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरणगावातले कितीतरी साचेवाले आणि जॉबर, म्हणजे खात्यातले मुकादम, रत्नागिरी-सिंधुदुर्गात परतले आणि कापडाचं काम भिवंडीकडे सरकलं. आमच्या वाडीत त्यांतले दोघं अजून आहेत, दोघंही सत्तरी ओलांडलेले. त्या कुटुंबाला मी आधी त्यांच्याकडेच पाठवलं, कारण हातमागावर ताणा कसा बसवायचा आणि तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायची, हेही त्यांनाच येतं.