होडीच्या बुडासाठी मायक्रोबलूनची लांबी (पुट्टी)
प्लायच्या होडीला गाडीच्या डेंटिंगची पॉलिस्टर लांबी स्वस्त पडते, पण ती पाणी पिते, पाण्याखाली नकोच. इपॉक्सीत (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) मायक्रोबलून, म्हणजे पोकळ अतिबारीक गोळ्यांची पूड, कालवलेली लांबी महाग, तरी पैसे वसूल. चक्क्याइतकी घट्ट हवी. पात्यावरून ओघळली तर पूड कमी पडली. जोरात फेटू नका, हवा शिरते आणि घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडी पडतात.

मालवण-वेंगुर्ल्याच्या दमट हवेत वाळताना वर मेणचट थर येतो. आधी साध्या पाण्याने घासून धुवा, नाहीतर पॉलिशपेपर लगेच भरतो, रंगही धरत नाही. मग ८० नंबरचा पेपर दोन फुटी लवचिक फळीवर लावून तिरका, दोन्ही बाजूंनी फिरवा. नुसत्या हाताने घासलं तर मऊ लांबी खचते, शेजारचं लाकूड उंच राहतं.